मोबाईलवर दोन मॉडेल, दोन अंदाज : अवकाळीच्या वेळी धरायचा कुठला?

निफाड : नोव्हेंबर उजाडला की द्राक्षपट्ट्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर औषधं आणि बाजारभाव मागे पडतात. एकच विषय चालू होतो, पाऊस येणार का. बुधवारी सकाळी कुणीतरी विंडी ॲपचा स्क्रीनशॉट टाकतो. रविवारी पिंपळगाव, ओझरच्या डोक्यावर लाल-जांभळा डाग. दहा मिनिटांत दुसरा स्क्रीनशॉट येतो. तोच रविवार, तीच गावं, आणि आभाळ कोरडं ठाक. मग सुरू होतं.

"भाऊ, तू जीएफएस लावलंय, युरोपियन बघ."

"युरोपियन मागच्या वेळी फसलं होतं दादा, विसरले का?"

"हवामान खात्याचं काय म्हणणं आहे?"

"तुरळक ठिकाणी म्हणतात."

"तुरळक म्हणजे आपल्याकडं का शेजारी?"

या शेवटच्या प्रश्नाला ग्रुपवर सहसा उत्तर येत नाही. पण सगळा जीव अडकलेला असतो तो तिथंच. ऑक्टोबर छाटणीच्या बागा तेव्हा दोडा, फुलोरा नाहीतर मणी सेटिंगमध्ये असतात. फुलोऱ्यात पाऊस झाला तर घड कुजतात, गळ होते, डावण्या पानावरून घडावर उतरतो. बागलाणकडच्या पूर्वहंगामी बागेत मण्यात पाणी भरलेलं असतं, तिथं एका रात्रीच्या पावसात मणी तडकतात. लाल कांदा काढून वावरात पडलेला, उन्हाळ कांद्याची रोपं वाफ्यात. फवारणी आज घ्यायची का उद्या, विरळणीची टोळी बोलवायची का थांबवायची, कांद्यावर ताडपत्री टाकायची का, हे सगळं त्या स्क्रीनशॉटवर ठरतं. पावसाआधी मारलेलं औषध धुऊन गेलं तर तो पैसा गेला, आणि न मारता पाऊस आला तर बाग गेली.

२६ नोव्हेंबर २०२३ चा रविवार या भागात कुणी विसरलेलं नाही. त्या दिवशी निफाडसह नाशिक जिल्ह्याच्या द्राक्षपट्ट्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली, आणि त्याच दिवशी शेजारच्या गुजरातेत वीज पडून वीसपेक्षा जास्त माणसं दगावली. त्याआधी २०१४ ला फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भ, मराठवाडा आणि मध्य महाराष्ट्रात गारपिटीनं रब्बी आणि फळबागा झोडपल्या होत्या. तेव्हा बहुतेकांच्या हातात साधे फोन होते. आज पोरासोरांच्या हातात जगातली मोठी मॉडेलं आहेत. माहिती वाढली, पण भांडणं काही मिटली नाहीत. का मिटली नाहीत ते समजून घेतलं तर निम्मा गोंधळ कमी होतो.

मॉडेल म्हणजे नेमकं काय

मॉडेल म्हणजे कुणाचं मत नाही आणि भेंडवळची घटमांडणीही नाही. तो हिशेब आहे. सगळ्या पृथ्वीवर जाळं टाकल्यासारखे चौकोन पाडायचे, त्या चौकोनांवर उंचीचे थर करायचे, आणि प्रत्येक खणात आत्ता तापमान किती, दमटपणा किती, वारा कुठून, दाब किती ते भरायचं. हे आकडे उपग्रहांकडून, विमानांकडून, जहाजांकडून, जमिनीवरच्या केंद्रांकडून आणि हवेत सोडलेल्या फुग्यांकडून येतात. मग भौतिकशास्त्राच्या नियमांनी पुढच्या काही मिनिटांत प्रत्येक खणात काय होईल ते काढायचं. त्यावरून त्याच्या पुढची काही मिनिटं. असं करत करत दहा-पंधरा दिवस पुढं जायचं. एवढा हिशेब माणसाच्या हातानं होत नाही, त्याला महासंगणक लागतो.

ग्रुपवर ज्यांची नावं घेतली जातात त्यात दोन मोठी. जीएफएस अमेरिकेच्या सरकारी हवामान संस्थेचं. त्याचा चौकोन साधारण १३ किलोमीटरचा, दिवसातून चार वेळा चालतं, सोळा दिवसांपर्यंतचा अंदाज देतं. दुसरं ज्याला सगळे 'युरोपियन' म्हणतात ते ईसीएमडब्ल्यूएफ. ही युरोपातल्या देशांनी मिळून १९७५ ला काढलेली संस्था, मुख्यालय इंग्लंडात रेडिंगला आणि महासंगणक इटलीत बोलोन्याला. त्यांचा चौकोन ९ किलोमीटरचा. विंडी उघडल्यावर आधी दिसतं ते हेच. विंडी स्वतः अंदाज काढत नाही हे मात्र बऱ्याच जणांना माहीत नसतं. ते चेक प्रजासत्ताकातल्या कंपनीचं दाखवायचं दुकान आहे, माल दुसऱ्यांचा. 'विंडीनं सांगितलं' याला म्हणून अर्थ नाही. विंडीवर कुठल्या मॉडेलनं सांगितलं ते विचारायचं.

आपल्या देशाचंही आहे. भारतीय हवामान विभाग आणि नोएडाचं राष्ट्रीय केंद्र १२ किलोमीटर चौकोनाची मॉडेलं चालवत आले. २६ मे २०२५ ला 'भारत फोरकास्ट सिस्टीम' सुरू झाली, तिचा चौकोन ६ किलोमीटरचा. ती तयार केली पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेनं.

आता ९ किलोमीटरचा चौकोन म्हणजे किती, तर ८१ चौरस किलोमीटर. निफाड तालुक्यात एवढ्या जागेत आठ-दहा गावं बसतात. त्या आठ-दहा गावांना मिळून मॉडेल एकच आकडा देतं. 'वीस मिलिमीटर' दिसलं तर ती सरासरी झाली. त्यात एका शिवारात साठ पडेल आणि नदीच्या पलीकडं धूळसुद्धा बसणार नाही. मॉडेलच्या दृष्टीनं दोन्ही बरोबरच. वीस मिलिमीटरला कमी समजायचं कारण नाही, एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरावर चार हजार लिटर पाणी.

चौकोनामुळं डोंगरही बुजतात. सह्याद्रीचा कडा खरा एकदम उभा, मॉडेलमध्ये तो उतरता माळ होतो. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि पुढं सिन्नरला पाच-सहाशे, हे ज्या जिल्ह्यात घडतं तिथं दहा-बारा किलोमीटरचा ठोकळा किती कामाचा ते शेतकऱ्याला सांगायला नको.

दोघांत फरक का पडतो

सुरुवातीचे आकडे दोघांचे थोडे वेगळे असतात. अरबी समुद्रावर वरच्या थरात दमटपणा किती याचं मोजमाप कुणाकडंच पूर्ण नाही. ती भोकं दोघं आपापल्या पद्धतीनं बुजवतात. तेवढा बारीकसा फरक पाचव्या दिवशी डोंगराएवढा होतो.

हे पहिल्यांदा नीट लक्षात आलं १९६१ च्या हिवाळ्यात. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत एडवर्ड लॉरेन्झ नावाचे शास्त्रज्ञ छोट्या संगणकावर हवामानाचा हिशेब चालवत होते. एक हिशेब पुन्हा मधूनच चालू करायचा म्हणून त्यांनी छापील कागदावरचा आकडा परत भरला. मशीनमध्ये खरा आकडा ०.५०६१२७ होता, कागदावर ०.५०६ छापलेला. एवढंसं तर सुटलं. कॉफी पिऊन परत आले तर दुसऱ्या हिशेबातलं हवामान पहिल्यापासून पार वेगळं निघालं होतं. १९६३ ला त्यांनी हे मांडलं. तेव्हापासून शास्त्रज्ञांनी मान्य केलंय की रोजच्या हवामानाच्या अंदाजाला पुढं किती दिवस जायचं याची मर्यादा आहे, मशीन कितीही मोठं आणा. विंडीवर चौदाव्या दिवशीचा जांभळा डाग बघून टोळी रद्द करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

दुसरं कारण आपल्या कामाचं जास्त. हिवाळ्यात आपल्याकडं अवकाळी येतो तो कसा? भूमध्य समुद्राकडून इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तानावरून पश्चिमी झंझावात उत्तरेत येतात. काश्मीर, हिमाचलला बर्फ देणारे तेच. कधी त्यांची शेपटी खाली गुजरात, उत्तर महाराष्ट्रापर्यंत उतरते आणि वरच्या थरात थंड हवा आणते. त्याच वेळी अरबी समुद्राकडून नाहीतर बंगालच्या उपसागराकडून दमट वारे आले की खाली ऊबदार ओल, वर गारठा. ढग उभे वाढायला लागतात. ढगातला वर चढणारा वारा पाण्याचे थेंब गोठायच्या उंचीवर नेतो, गोठलेल्या कणावर पाण्याचे थर चढत जातात, आणि वाऱ्याला वजन पेलेनासं झालं की गार खाली येते.

शेपटी किती खाली उतरणार आणि ओल नेमकी त्याच दिवशी पोचणार का, यावर सगळा खेळ. शंभर किलोमीटर वर राहिली तर पाऊस धुळे-नंदुरबारला, आपल्याकडं नुसतं ढगाळ. दोन मॉडेलांत भांडण असतं ते बहुतेक या शंभर किलोमीटरचं.

अमेरिकेतलं भांडण

ही दोन मॉडेलांची भांडणं आपल्याकडं आता आली, अमेरिकेत हवामानवेड्या लोकांत ती कधीपासून चालू आहेत. हिवाळ्यात बर्फाचं वादळ येणार का, यावर तिकडं लोक रात्र रात्र जागून नवा रन यायची वाट बघतात. ऑक्टोबर २०१२ मध्ये 'सँडी' वादळ आलं. युरोपियन मॉडेल आठवडाभर आधी म्हणत होतं की हे डावीकडं वळून किनाऱ्यावर येणार. अमेरिकेचं स्वतःचं जीएफएस बरेच दिवस ते समुद्रात घालवत होतं. २९ ऑक्टोबरला वादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर धडकलं. युरोपियनचा जयजयकार झाला, अमेरिकेच्या संसदेनं नवीन संगणकांना पैसे दिले.

मग आला जानेवारी २०१५. न्यूयॉर्कवर बर्फाचं मोठं वादळ येणार, दोन-तीन फूट बर्फ पडणार असा अंदाज. युरोपियन मॉडेल तेच ठामपणे दाखवत होतं, जीएफएस शहरासाठी कमी सांगत होतं. सँडीची आठवण ताजी, म्हणून वजन युरोपियनच्या पारड्यात. शहरातले रस्ते बंद झाले, भुयारी रेल्वेसुद्धा थांबली. प्रत्यक्षात सेंट्रल पार्कात दहा इंचसुद्धा भरला नाही. वादळ आलंच नाही असं नव्हे, ते थोडं पूर्वेला सरकलं आणि लाँग आयलंडच्या पूर्व भागात दोन फुटांच्या आसपास बर्फ पडला. मॉडेल वादळाबद्दल चुकलं नव्हतं, जागेबद्दल चुकलं होतं. सरकारी हवामान कार्यालयातल्या एका अधिकाऱ्यानं तर जाहीर माफी मागितली.

सरासरीत युरोपियन मॉडेल पुढं आहे हे खरं. पण आपल्या बागेवर सरासरी पडत नाही, तो रविवार पडतो.

गार मॉडेलला दिसत नाही

ग्रुपवर 'रविवारी गारपीट होणार, विंडी दाखवतंय' असं येतं तेव्हा सावध राहायला पाहिजे. गारेचा ढग काही किलोमीटरचा असतो, गारेचा पट्टा कधी कधी एक-दोन किलोमीटर रुंदीचा. ९ किंवा १३ किलोमीटरच्या खणात तो मावूनही दिसत नाही. मॉडेल एवढंच सांगतं की या भागात ढग उभे राहायला हवा पोषक आहे, आणि त्यावरून सरासरी पाऊस अंदाजे धरतं. ओझरला गार आणि सुकेण्याला कोरडं, हे चार दिवस आधी कुठलंच मॉडेल सांगू शकत नाही. जो सांगतो, मग तो यूट्यूबवर असो की ग्रुपवर, तो मॉडेलच्या पुढचं सांगतोय.

विंडीवर 'केप' नावाचा एक थर आहे, पोरं तो फार टाकतात. केप म्हणजे हवेत ढगाला वर ढकलायला किती ताकद साठलीय ते. पण अंगणात सरपण रचलं म्हणजे चूल पेटली असं नाही. पेटवणारं काहीतरी लागतं, झंझावाताची शेपटी, वाऱ्यांची टक्कर, दुपारचं ऊन. केप लाल आणि दिवस कोरडा, असं अनेकदा होतं.

उलट काही गोष्टी मॉडेलं चांगली सांगतात, आणि त्यांच्याकडं कुणी बघत नाही. तीन-चार दिवसांनी वारा फिरून दक्षिणेचा होणार का, रात्रीचं तापमान चढणार का, दमटपणा वाढणार का, किती तास ढग राहणार, यात दोन्ही मॉडेलं बऱ्यापैकी एकमत असतात. द्राक्षवाल्याला खरं तर हेच पाहिजे. डावण्याला मुसळधार लागत नाही. पान सकाळी उशिरापर्यंत ओलं राहिलं, वर ढगाळ असलं की त्याचं काम होतं. पाऊस पडणार का नाही यावर भांडत बसण्यापेक्षा 'शनिवार ते सोमवार दमट आणि ढगाळ' एवढ्यावर दोघांचं जमत असेल तर प्रतिबंधक फवारणीचं ठरवायला ते पुरतं. गार थांबवणारं औषध तसंही कुठल्या दुकानात मिळत नाही.

स्क्रीनशॉटवर काय बघायचं

पहिली गोष्ट तारीख आणि रन. मॉडेलचे मुख्य रन आपल्या घड्याळानं पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाचच्या स्थितीवरून सुरू होतात. हिशेब होऊन हातात यायला वेळ लागतो. सकाळचं जीएफएस दहाच्या सुमारास दिसतं, युरोपियन दुपारी बारा-साडेबाराला. संध्याकाळचं युरोपियन मध्यरात्रीच्या पुढं. सकाळी सात वाजता कुणी 'ताजा अंदाज' म्हणून टाकतो तो आदल्या संध्याकाळच्या स्थितीवरचा असतो. मंगळवारचा स्क्रीनशॉट शुक्रवारी फिरत असेल तर तो रद्दी समजायचा.

दुसरं, तो आकडा तीन तासांचा आहे का पाच-दहा दिवसांची बेरीज. बेरजेच्या नकाशावर सगळा जिल्हा रंगलेला दिसतो आणि लोक घाबरतात. निम्मी घबराट या एका चुकीची असते.

तिसरं, एका रनवर जायचं नाही. बुधवार सकाळ, बुधवार रात्र, गुरुवार सकाळ असे तीन रन लागोपाठ तेच म्हणत असतील तर वजन द्यायचं. डाग रोज उड्या मारत असेल, आज नाशिक, उद्या जळगाव, परवा नगर, तर मॉडेललाच अजून उमगलेलं नाही.

याच कामासाठी शास्त्रज्ञांनी 'एन्सेंबल' काढलंय. सुरुवातीच्या आकड्यांत मुद्दाम थोडे थोडे फरक करून तेच मॉडेल अनेक वेळा चालवायचं. युरोपियनवाले ५१ वेळा चालवतात, जीएफएसवाले ३१ वेळा. ५१ पैकी १२ हिशेबांत पाऊस दिसला तर शक्यता साधारण २४ टक्के. लॉरेन्झना जे अडचण म्हणून सापडलं त्याचाच असा उपयोग केलाय. विंडीच्या एका रंगीत डागापेक्षा ही टक्केवारी जास्त प्रामाणिक.

आणि चोवीस टक्क्यांवर करायचं काय? हे हवामान खातं सांगू शकत नाही, ज्याचं त्यानं काढायचं. समजा वावरातला कांदा गोळा करून झाकायला पाच हजार लागतात, आणि भिजला तर लाखाचं नुकसान. मग शंभरात दहा शक्यता असली तरी झाकलेला परवडतो. दहा वेळा झाकला तर पन्नास हजार गेले, एकदा वाचला तर लाख वाचले. नऊ वेळा पाऊस न येता ताडपत्री घातली म्हणून शेजारी हसतील, हसू द्यावं. पण तीच दहा टक्के शक्यता बघून अर्धवट साखरेची द्राक्षं तोडून मातीमोल द्यायची का? तिथं गणित उलटं बसतं. एकच अंदाज, दोन पिकांना दोन उत्तरं.

'तुरळक' म्हणजे किती

हवामान विभागाच्या भाषेवर लोक चिडतात, पण त्या शब्दांना मापं आहेत. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५० टक्के, 'बऱ्याच ठिकाणी' ५१ ते ७५, आणि त्याच्या वर 'बहुतांश ठिकाणी'. तुरळक ठिकाणी गारपीट असं आलं म्हणजे चारातल्या तीन गावांना काहीच होणार नाही असंही खातं सांगतंय. हलका पाऊस असंही ते म्हणत नाही. ठिकाणं थोडी, पण ज्याच्यावर पडेल त्याच्यावर पुरता पडेल.

पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ग्रामीण कृषी मौसम सेवेचा सल्ला पाच दिवसांच्या अंदाजासह निघतो. तो फार कमी लोक वाचतात. ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायतनिहाय अंदाजही सुरू झालाय. त्यात गावाचं नाव आलं म्हणून तो गावाच्या वेशीपर्यंत अचूक झाला असं मात्र नाही, खालचा चौकोन मॉडेलचाच आहे.

शेवटचे तीन तास

रविवार उजाडला की मॉडेलं बाजूला ठेवायची. त्या दिवशी काम उपग्रहाचं, रडारचं आणि स्वतःच्या डोळ्याचं. हवामान विभाग तीन तासांपुरता इशारा देतो, त्याला नाऊकास्ट म्हणतात. मुंबईच्या रडारवरून नाशिककडचे ढग दिसतात, पण एवढ्या अंतरावर त्याचा झोत पृथ्वीच्या गोलाईमुळं जमिनीपासून साधारण तीन किलोमीटर वरून जातो. खालचं काही त्याला दिसत नाही. उंच गारेचा ढग मात्र सुटत नाही. पुण्याच्या आयआयटीएमचं 'दामिनी' ॲप २० आणि ४० किलोमीटरच्या आत वीज पडतेय का ते सांगतं. ते वाजलं की ब्लोअर जागेवर सोडून घरात यायचं, टाकीत औषध किती राहिलंय ते बघत बसायचं नाही. द्राक्षाच्या बागेत तर डोक्यावर तारांचा मांडवच असतो.

ग्रुपवरचं भांडण ज्यांना खरंच मिटवायचंय त्यांच्यासाठी एक स्वस्त उपाय आहे. बांधावर एक साधं पर्जन्यमापक आणि घरात एक वही. गुरुवारी संध्याकाळी वहीत लिहायचं : रविवारसाठी युरोपियन किती म्हणतं, जीएफएस किती, हवामान विभागाचा रंग कोणता. सोमवारी सकाळी साडेआठला, कारण खातंही त्याच वेळी मोजतं, मापकातलं पाणी शेजारच्या रकान्यात टाकायचं. पाऊस पडला नाही तर शून्यही लिहायचं, लोक शून्य लिहायला विसरतात आणि मग फक्त भिजलेले दिवस लक्षात राहतात. गार पडली तर शेजारी रुपयाचं नाणं ठेवून लगेच फोटो काढायचा. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत गार राहत नाही.